टेंबकर सरांची सुपं

टेंबकर सरांना कुणी सांगितलं की अमका आता बरा आहे, तर ते "हं" म्हणत आणि हातातलं काम पुढे चालू ठेवत. पण कुणी सांगितलं की अमका गेला, की सर खुर्चीत पुढे सरकत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कशाने?"

समोरचा म्हणे, तापाने.

"आणि त्याच्या आधी?"

आधी खोकला होता.

"आणि त्याच्या आधी?"

समोरच्याला आठवेनासं होईपर्यंत किंवा तो उठून जाईपर्यंत हे चाले. विभागातल्या एका कारकुनाचे वडील वारले तेव्हा भेटायला गेलेली मंडळी चहा घेऊन पाच-दहा मिनिटांत उठली. सर दोन तास बसले. दुसऱ्या दिवशी तो कारकून मला फोनवर म्हणाला, "ताई, वडील गेल्याचं दुःख आहेच. पण काल सरांसमोर मला आरोपीसारखं वाटायला लागलं हो."

मी सुनंदा. माहेर खोडाळ्याचं, सासर जव्हारचं. विद्यापीठाच्या साथरोग आणि सार्वजनिक आरोग्य विभागाचं जव्हारला एक केंद्र आहे. केंद्र म्हणजे भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या, दोन लोखंडी कपाटं आणि चढावर रुसणारी एक जीप. तिथे मी चौदा वर्षं सर्वेक्षक म्हणून काम करते. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पुष्कळ माणसं घरीच मरतात. ती कशाने मेली याचा कुठे कागद नसतो. मग आम्ही त्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं आणि घरच्यांना विचारायचं: ताप होता का, किती दिवस, श्वास कसा चालला होता, पाणी पीत होता का. सात पानी फॉर्म भरला की तो शहरात जातो. तिथे दोन डॉक्टर तो वेगवेगळा वाचतात आणि मरणाचं कारण ठरवतात. या प्रकाराला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. नोकरी लागल्यावर हे नाव मी कौतुकाने सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी आठवडाभर माझ्या हातची भाकरी खाल्ली नाही.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाचा फोटो आहे आणि खाली "संशोधनाचे आवडीचे विषय" असा रकाना आहे. बाकीच्यांचे विषय वाचताना धाप लागते. हवामानबदल आणि आरोग्य, जीवनशैलीचे आजार, आरोग्यसेवेचं डिजिटल काहीतरी. टेंबकर सरांच्या नावाखाली वर्षानुवर्षं एकच ओळ होती: मृत्यूची कारणे, जव्हार व मोखाडा तालुके. विभागप्रमुख बाई त्यांना म्हणाल्या, सर, थोडं आजच्या काळाला धरून काही घाला ना. सरांनी आठवडाभर विचार केला आणि त्या ओळीपुढे तीन शब्द घातले. आता तिथे "मृत्यूची कारणे, जव्हार व मोखाडा तालुके, आणि त्याच्या आधीची" असं आहे. बाईंनी नाद सोडला.

आवडीचा विषय म्हणून मरण निवडणारा माणूस कसा असेल, तसेच ते दिसायला होते. उंच, वाळलेले, पायात बारमाही काळे रबरी बूट. एकदा आम्ही शिरपामाळावर थांबलो होतो. तिथे शहरातलं एक कुटुंब फोटो काढत होतं. गृहस्थांनी सरांना स्थानिक समजून विचारलं, "काका, इथून काय काय दिसतं?" सरांनी हात लांब करून दाखवायला सुरुवात केली. "तो समोरचा पाडा. दोन गेले, हगवण. त्याच्यावरचा, एक, सर्पदंश. ते आंब्याचं झाड दिसतं ना, त्याच्या मागच्या घरात एक बाई. तिचं अजून ठरायचंय." गृहस्थांनी बायकोला गाडीत बसवलं. सरांना वाटलं, त्यांना उशीर होत असेल.

आमच्या घरी ते एकदा जेवायला आले होते. माझे मिस्टर आश्रमशाळेत शिक्षक आहेत. बोलता बोलता ते म्हणाले, परवा आमची कोंबडी मेली. झालं. सरांनी घास खाली ठेवला.

"कशाने?"

"मुंगसाने नेली असणार. खुराड्याचं दार उघडं राहिलं होतं."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे, मीच विसरलो लावायला."

इथे कुणीही थांबला असता. मीसुद्धा नवऱ्याला तिथेच पकडून ठेवलं होतं. पण सर म्हणाले, "आणि त्याच्या आधी? विसरलात का?" मिस्टर म्हणाले, दार लावताना मुख्याध्यापकांचा फोन आला, कसलीशी माहिती तातडीने हवी होती. "आणि त्याच्या आधी?" ती माहिती वरून मागवली होती. सरांनी पुन्हा घास उचलला आणि म्हणाले, "म्हणजे कोंबडी वरून मेली." मिस्टर इतके खूश झाले की त्यांनी सरांना आग्रहाने तिसरी भाकरी वाढली. मला मात्र तेव्हा वाटलं होतं, हा माणूस नुसता हट्टी आहे, एवढंच.

पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. तहसीलदार आला तरी तू, मंत्री आला तरी तू. सरांनाही तूच. सरांना ते आवडायचं, पण त्यांच्या तोंडून लोकांना कधी तू गेलं नाही. म्हातारी म्हणायची, "ये सर, बस. कव्हा आलास?" आणि सर म्हणायचे, "आत्ताच आलो. आपली तब्येत कशी आहे?" त्यांना लोकांनी नाव ठेवलं होतं, मेल्यावर येणारा सर. एका आजोबांनी त्यांना तोंडावर विचारलं, "जिता माणूस हाय तोवर तू कुठं असतोस?" सरांनी प्रश्न वहीत उतरवून घेतला.

आता सुपांचं सांगते.

खोडाळ्याच्या बाजारात देवजी नावाचा एक म्हातारा बांबूची सुपं आणि टोपल्या विकायला बसतो. बाजाराच्या दिवशी सर तालुक्यात असले की काम कसलंही असो, जीप खोडाळ्याकडे वळायची. सर देवजीच्या शेजारी जाऊन पोत्यावर बसायचे. तासभर. त्या तासात जगातला हा सर्वात जास्त प्रश्न विचारणारा माणूस एकही प्रश्न विचारायचा नाही. देवजीही बोलायचा नाही. तो बांबूच्या बेळ्या, म्हणजे पातळ पट्ट्या, सोलत, विणत राही आणि सर त्याच्या हातांकडे बघत राहत. तासाने सर एक सूप उचलत, पैसे ठेवत आणि निघत. मी कितीतरी वर्षं हे बघितलं, पण देवजीने त्यांना कधी "बस" म्हटल्याचं किंवा "जातोस का" विचारल्याचं मला आठवत नाही.

ही सुपं केंद्रात येत. भिंतीवर सुपं, कपाटावर सुपं, कॉटखाली सुपं. एकदा प्रशिक्षणाला आलेली एक नवी आशा कार्यकर्ती मला हळूच म्हणाली, "ताई, हे धान्याचं ऑफिस हाय का?" मी सरांना म्हटलं, सर, वाटून टाकू या, बायांना उपयोग होईल. सर म्हणाले, "नको. असू देत." शहरातल्या त्यांच्या घरातही सुपंच असणार, अशी आमची अटकळ होती. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, राहून गेलं.

पण मला त्यांचा राग यायचा तो सुपांमुळे नव्हे. आमच्या कामाची एक नियमपुस्तिका आहे. ती सरांनीच लिहिली. तिचा अकरावा नियम असा: कुटुंबाला मृत्यूचे कारण सांगू नये, अंदाज, सल्ला किंवा दिलासा देऊ नये. हा नियम ते प्रशिक्षणात तीन-तीनदा म्हणून घेत. कारण ठरतं ते आकड्यांसाठी, घरासाठी नाही, असं म्हणत. एकदा एका बाईचा नवरा झाडावरून पडून गेला होता आणि ती कपाळ बडवून घेत होती. मी फॉर्म मिटला आणि तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही गं. सर बाजूलाच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लेखी समज दिली. ती मी अजून जपून ठेवली आहे. त्या दिवशी घरी येऊन मी मिस्टरांना म्हटलं, दगडाला रबरी बूट घातलेत, दुसरं काही नाही.

जामसरच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर बुधी राहते. तिचा पहिला मुलगा चार महिन्यांचा असताना गेला. आम्ही फॉर्म भरायला गेलो तेव्हा ती उंबऱ्याशी बसली होती आणि विचारलं तेवढंच सांगत होती. तीन दिवस ताप होता. श्वास भराभर चालायचा. बरगड्यांखाली खड्डा पडायचा. दूध ओढेनासा झाला. तिसऱ्या दिवशी ती त्याला पाठीशी बांधून उपकेंद्रावर गेली, तर कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे खाली मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. रात्री त्याला कुशीत घेऊन ती जागत होती. पहाटेकडे तिचा डोळा लागला. उघडला तेव्हा पोर गार पडलं होतं.

तिची सासू चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "लिही. आईस निजली आन दाबला."

आई झोपली आणि पोर तिच्या अंगाखाली दाबलं गेलं, असं. मी तसंच लिहिलं. नियम होता, सांगतील ते लिहायचं. सरांनी आणखी वीसेक प्रश्न विचारले. उठताना बुधी म्हणाली, "सर, मग काय निघाला? कशानं गेला माझा पोर?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "अजून वाचायचंय. शहरात वाचतात."

"वाचल्यावर सांगशील?"

सर जीपच्या दिशेने चालायला लागले होते. मी तिच्याकडे बघितलं आणि मीही चालायला लागले.

शहरात दोघा डॉक्टरांनी तो फॉर्म वाचला. दोघांनी वेगवेगळा वाचून एकच कारण लिहिलं, न्युमोनिया. असं एकमत झालं की तो फॉर्म कपाटात जातो, त्याचं काम संपलेलं असतं. तो फॉर्मही गेला.

दर सहा महिन्यांनी पाड्यावर फेरी असते, कोण जन्मलं, कोण गेलं ते टिपायला. तशा तीन-चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी बुधी दारात उभी असायची आणि सरांकडे बघायची. पुढे ती विचारेनाशी झाली. मला बरं वाटलं, विसरली असेल. आज लिहिताना त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात गेलो तर तिला मुलगी झालेली, तीन महिन्यांची. पोर चांगली गुटगुटीत, पण सासूच्या मांडीवर. बुधी खांबाला टेकून बसली होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. पोर रडली. सासूने आणून तिच्या मांडीवर दिली, अंगावर पाजून होईपर्यंत समोर बसून राहिली आणि परत घेऊन गेली. मी बुधीला म्हटलं, "अशी बसलीस काय? पाठ टेक थोडी. बाळंतीण ना तू?"

"मी आडवी होत नाय बाय."

"कधीच?"

"पोर झाली तव्हापासून नाय. बसूनच निजते. आडवी झाली तर दाबीन ना." तिने सरांकडे बघितलं. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. "तुम्ही लिहून नेला. समद्या पाड्यात सांगला का शहरात वाचतील. मग कोणी सांगाया आला नाय. तव्हा मना कळला. माझाच नाव निघाला असंल. म्हणून सांगत नसतील."

मी चौदा वर्षांत पहिल्यांदा बघितलं, सरांच्या हातात वही होती आणि ते काही लिहीत नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांनी वळणावर जीप थांबवायला लावली. खाली भातखाचरं कापणी होऊन रिकामी पडली होती. चालक तंबाखू मळायला उतरला. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, ती दोन वर्षं उत्तराची वाट बघतेय आणि उत्तर आपल्या कपाटात आहे. बाई बसून झोपते सर. तुमच्या अकराव्या नियमामुळे."

मला वाटलं आता दुसरी लेखी समज मिळणार.

"देवजीची बायको बाळंतपणात गेली," सर म्हणाले. "तीस वर्षं झाली त्याला, मी नवा लागलो होतो. माझा इथला पहिलाच फॉर्म. मूल पोटातच गेलेलं, पहाटे रक्त जायला लागलं, त्याने तिला संध्याकाळी दवाखान्यात आणलं. तिथे ती गेली. फॉर्म भरून झाल्यावर देवजीने मला विचारलं, सर, वाचली असती का? मला उत्तर येत होतं, सुनंदाबाई. उत्तर येण्याचा मला फार आनंद होता तेव्हा. मी म्हटलं, सकाळी आणली असती तर वाचली असती."

"मग?"

"मग काही नाही. तो म्हणाला, बरं. त्या वर्षी त्याने शेत केलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. भावांना देऊन टाकलं. लोक म्हणायला लागले, देवजी बोलत नाही."

चालक परत येऊन बाहेरच उभा राहिला. सर पुढे म्हणाले, "चार वर्षांनी मी त्याच्या पाड्यावर दुसऱ्याच कुणाच्या मरणाचं विचारायला गेलो. एक म्हातारा सहज म्हणाला, देवजीची बायको अडली तेव्हा मधल्या नदीला पूर होता, दुपार टळेपर्यंत कुणालाच पार जाता आलं नाही. फॉर्ममध्ये नदीचा रकाना नव्हता. मी फॉर्ममधलं सगळं विचारलं होतं. त्याच्या आधीचं विचारलंच नव्हतं."

"आणि हे तुम्ही देवजीला जाऊन सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? की माझं चुकलं? चार वर्षं उलटून गेली होती. नियम लिहिणं सोपं होतं."

मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला, आणि मी दोन्ही बोलून दाखवलं. म्हटलं, "सर, त्या माणसाला एक वाक्य हवं होतं आणि तुम्ही पंचवीस वर्षं सुपं घेत बसलात." सर म्हणाले, "हो." चालकाने जीप सुरू केली.

पुढच्या आठवड्यात ते शहरातून आले ते बुधीचा फॉर्म घेऊन. कपाटातला फॉर्म असा बाहेर काढता येत नाही, त्यासाठी समिती असते, ठराव असतो. सरांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते.

भर दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. सासू, बुधी, बुधीचा नवरा, सगळे घरात होते. सर जमिनीवर मांडी घालून बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "बुधीबाई, तुम्ही त्या दिवशी मला जे सांगितलंत, ते मी वाचून दाखवतो. चुकलं तर थांबवा." आणि त्यांनी सात पानं वाचली. मी तिच्या बोलीत सांगत गेले. ताप, तीन दिवस. श्वास, भराभर. बरगडीखाली खड्डा. आईचं दूध, तिसऱ्या दिवसापासून ओढत नव्हता. "आईस निजली आन दाबला" हेही त्यांनी वाचलं. बुधीने मान खाली घातली.

"हे दोन डॉक्टरांनी वाचलं," सर म्हणाले. "ते एकमेकांना भेटले नाहीत. दोघांनी एकच लिहिलं. छातीत पाणी होऊन श्वास कोंडला. न्युमोनिया. पोर तुमच्या अंगाखाली गेलं नाही. तुम्ही जाग्या असतात तरी त्या पहाटे ते गेलंच असतं."

मग सर स्वतःच म्हणाले, "आणि त्याच्या आधी? आदल्या दिवशी औषध मिळालं असतं तर कदाचित वाचलं असतं. तुम्ही त्याला घेऊन गेला होता. कुलूप होतं. कुलूप का होतं ते मी या आठवड्यात विचारून आलो. तिथल्या सिस्टरकडे दोन उपकेंद्रं होती, त्या दिवशी ती दुसरीकडे होती. दुसरीकडची जागा रिकामी होती. ती का रिकामी होती, ते मला अजून कळलेलं नाही. पण तुमचं नाव यात कुठेच नाही. मी सगळं वाचलं."

बुधी रडली नाही. तिने विचारलं, "खरा लिहिलाय असा?" सरांनी शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही, पण तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

मग अचानक सासू बोलायला लागली. "माझा पहिला पोर पन असाच," ती म्हणाली. "अशीच धाप व्हती त्याला. अशी." आणि तो कसा धापा टाकायचा ते दाखवायला तिला दोन्ही हात हवे होते, म्हणून तिने मांडीवरची नात उचलून शेजारी बुधीच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही पंजे बरगड्यांवर आपटत दाखवू लागली. "माझी सासू मना बोलली, तुझाच दूध बाधला. त्याचा कोणी लिहून नाय नेला."

सरांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. इतक्या जुन्या मरणाचा फॉर्म आमच्या अभ्यासात बसत नाही. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "आपण सांगा. मी लिहितो."

दीड तास ती सांगत होती. निघताना मी मागे वळून बघितलं. बुधी पोरीला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. झोपली की नुसती पडली होती, ते कळलं नाही. सासू अजून सरांशीच बोलत होती आणि पोर परत मागायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सरांच्या निवृत्तीचा समारंभ शहरात झाला. तिथे कुणीतरी त्यांच्या संशोधनाच्या आवडीबद्दल भाषण केलं म्हणतात. मी गेले नाही. त्याआधीच्या खोडाळ्याच्या बाजाराला मात्र मी त्यांच्याबरोबर होते. सरांच्या काखेत एक जुनी फाइल होती. कागद पिवळे पडलेले, पिन गंजलेली.

देवजी नेहमीच्या जागी होता. सर पोत्यावर बसले. नेहमीसारखा बराच वेळ गेला. मी शेजारच्या सुकटवालीकडे उगाच वाटे चाळवत उभी राहिले, कारण मला जायचं नव्हतं. शेवटी सरांनी फाइल उघडली. त्यांचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

"देवजी, तुम्ही तिला संध्याकाळी आणलंत. आणि त्याच्या आधी?"

देवजीचे हात थांबले. मला वाटलं तो उठून जाईल.

"नदी व्हती," तो म्हणाला. "छातीभर."

"हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं?"

"सांगला व्हता. तू लिहिला नाय."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग त्या पिवळ्या कागदाच्या कडेला, जिथे रकाना नव्हता तिथे, त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "पहाटेपासून नदीला पूर. दुपार टळेपर्यंत पार जाणे अशक्य." पेन खाली ठेवून ते म्हणाले, "सकाळी आणताच आली नसती. मी चुकीचं बोललो होतो. तुम्हाला चुकीचं सांगितलं मी."

देवजीने कागदाकडे बघितलं नाही. तो बेळी हातात घेऊन बसला होता. बाजार चालूच होता. एक बाई येऊन टोपलीचा भाव विचारून गेली. नंतर तो पुन्हा विणायला लागला.

बऱ्याच वेळाने सर उठले. सवयीने त्यांनी वरचं सूप उचललं आणि दुसरा हात खिशाकडे नेला. देवजीने ते सूप त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि परत चळतीवर ठेवलं.

"सुपा पुरे झाली आता," तो म्हणाला. "एकटा माणूस तू, काय पाखडशील एवढ्या सुपांत?"

आणि बाजूचं पोतं झटकून त्याने ते सरांच्या पायाशी नीट पसरलं. "उभा काय राहिलास. बस."